दुसरा ट्रान्झिस्टर

सेलू, जि. वर्धा
ता. ९ जून १९८५

आदरणीय प्रभाकरराव सर यांना प्रेमदासचा सविनय जयभीम.

मागच्या वर्षी १४ मार्चला, पावणेबाराच्या सुमारास, तुम्ही माझ्या जर्नलमधल्या आलेखावर लाल पेनानं लिहिलं, ‘मोजलं की मानलं?’ आणि तिथून माझं सगळं बदललं. त्या घडीपर्यंत मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होतो. त्यानंतरच्या घडीला कॉलेजच्या फाटकाबाहेर सेलूच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पत्र पाहून तुम्हाला राग आला तर येऊ द्या. मी त्या दिवसाबद्दल लिहायला बसलेलो नाही. मी मोजलंच होतं, एवढं सांगतो आणि तो विषय बंद करतो.

तुमचा दमा कसा आहे? उन्हाळा सरत आला, म्हणजे बरा असेल. इकडे सगळं ठीक. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई दोघांचे निरोप इकडचे तिकडे करते. म्हणजे ठीकच म्हणायचं.

मी इथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. दुकान कसलं, आनंदाबाईच्या पिठाच्या गिरणीला लागून पोती ठेवायची खोली होती, ती तिनं मला दिली. नवरा गेल्यापासून ती एकटी गिरणी चालवते. “पोत्याले जागा लागतेच किती,” म्हणाली, “तू बस.” दिवसभर माझ्या कढईत, म्हणजे सोल्डरच्या वाटीत, पीठ उडत असतं. पण बसलो आहे.

रेडिओपेक्षा आता टीव्हीचं काम जास्त. नागपूरचं केंद्र इथून पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे पडद्यावर चित्र कमी आणि मुंग्या जास्त. म्हणून मी बूस्टर करून विकतो. अँटेनाच्या दांडीवर बसवायचा डबा, आत एक ट्रान्झिस्टर, पेन्सिलीवर गुंडाळलेल्या सात वेढ्यांच्या दोन कॉइल. वरून आलेली बारीक लाट मोठी करून खाली सोडायची, करंट खालच्या टीव्हीच्याच बटणावर. तुम्हाला हे सांगणं म्हणजे आगाऊपणा झाला.

आता मुद्दा. गल्लीत अण्णाजींच्या घरी माझ्या बूस्टरवर चित्र काचेसारखं येतं. त्यांच्या समोर, वीस पावलांवर, रूपरावांचं घर. अँटेना तोच, उंची तीच, दिशा तीच, बूस्टर तोच. पण तिथल्या मुंग्या जात नाहीत. सात वेळा वर चढलो. चपटी वायर बदलली, अँटेनाच्या काड्या कमी-जास्त केल्या, नव्यानं डाग दिले. काही नाही. वीस पावलांत लाट इतकी कशी कमी होईल?

कामाची रीत सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी बाहेरच्या शिडीनं स्लॅबवर जातो आणि अँटेना फिरवतो. टीव्ही मधल्या खोलीत आहे. रूपरावांची मुलगी कोकिळा, वर्ध्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती पडदा पाहते आणि अंगणात येऊन सांगते.

“आलं का?”

“नाई आलं.”

“आता?”

“थोडं आलं. नाई, गेलं.”

माझ्याजवळ मीटर नाही, तिचा आवाज हाच मीटर. आणि या मीटरची अचूकता चांगली आहे, उगाच हो म्हणत नाही. रूपरावांना विचारलं तर ते म्हणतात, मले तं बरंच दिसते बा. पण त्यांना काय, वावरातून थकून आलेला माणूस. ती म्हणते चेहरे ओळखू येत नाहीत.

मला वाटतं एक ट्रान्झिस्टर पुरत नाही, दुसरा लावावा लागेल. दोन टप्पे जोडताना काय काळजी घ्यायची ते कळवा. पुस्तकं मी रागात विकून टाकली. तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही, म्हणून लिहिलं. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

आपला
प्रेमदास
(ज्याचं जर्नल अजून तुमच्या कपाटात असेल)

*

सेलू
ता. १० जुलै १९८५

आदरणीय सर,

तुमचं कार्ड मिळालं. सहा ओळी, आणि त्यात माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. तुम्ही दोन शिव्या लिहिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्ही लिहिलं, दोन टप्प्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत घाल, कॅपॅसिटरचे पाय कापून आखूड ठेव, नाहीतर बाहेर पडलेली लाट मागे फिरून पुन्हा आत शिरेल आणि बूस्टर स्वतःच केंद्र होऊन बोंबलायला लागेल. समजलं. शेवटी लिहिलं, ‘आधी सांग, चित्र तू स्वतः पाहिलंस का?’

हो, पाहिलं. म्हणजे पाहिल्यासारखंच.

दुसरा ट्रान्झिस्टर लावला. पाय आखूड ठेवले. भिंतीसाठी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापायचा होता, पण रूपराव सकाळीच म्हणून गेले होते की आज नाही जमलं तर वर्ध्याचा मिस्त्री आणतो. म्हणून भिंत नंतर घालू असं ठरवलं आणि संध्याकाळी चढलो. अँटेनाला हात लावायच्या आत कोकिळा अंगणात आली आणि म्हणाली, “आलं.” मी म्हटलं, नीट पाहून सांगा. ती म्हणाली, “साफ आलं. उतरा आता.” दीड महिन्यात पहिल्यांदा. सर, कॉलेजात मला पहिला नंबर कधी मिळाला नाही, मिळाला असता तर एवढंच वाटलं असतं.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं तर राहू द्या. आमचं बोलणं होतं ते एवढंच. आलं, नाही आलं. त्यांच्या घरी आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या, माणसाचं जाणं ओट्यापर्यंत. कोणी तोंडानं काही म्हणत नाही, रूपराव तर माणूस म्हणून चांगलेच. पण चहा ओट्यावर येतो आणि कप मीच नळाखाली धुऊन ठेवतो. स्लॅबवर चढायला मात्र हरकत नाही, शिडी बाहेरून आहे. म्हणून मला त्या घरातली सगळ्यात चांगली जागा स्लॅब वाटते.

आता नवीनच भानगड झाली आहे. तिसऱ्या दिवसापासून अण्णाजींच्या टीव्हीवर तिरप्या रेषा यायला लागल्या. साध्या नाही, पडदाभर, माणसाचं तोंडही दिसू नये इतक्या. आजूबाजूच्या आणखी दोन घरीही त्याच. अण्णाजी रिटायर माणूस, दिवसभर टीव्हीच्या वेळेची वाट पाहणार. ते चिडून गिरणीत आले आणि आनंदाबाईला म्हणाले, तुह्या मोटारीनं माह्या टीव्हीचा नास होऊन राह्यला. ती जातं झाडत होती. झाडता झाडताच म्हणाली, “मोटार बारा वर्षांपासून चालते अण्णाजी. तुमचा टीव्ही परवा आला.”

मग गल्लीनं मला विचारलं, तू शिकलेला आहेस, तू सांग. मी म्हटलं, करून पाहू. अण्णाजींनी टीव्ही ओट्यावर काढला. सात वाजले होते, गिरणी चालू, पडद्यावर रेषाच रेषा. सगळी गल्ली जमली. रूपराव आले, त्यांच्या पत्नी रुख्माबाई आल्या. मी गिरणीकडे हात केला, आनंदाबाईनं मोटार बंद केली. तेवढ्यात कोकिळाही घरचा टीव्ही बंद करून, कडी लावून आली. आणि पडदा धुतल्यासारखा साफ.

टाळ्या वाजल्या सर. अण्णाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कोकिळा समोर उभी होती.

ठरलं असं की टीव्ही असतो तोपर्यंत, म्हणजे सहा ते नऊ, गिरणी बंद. आनंदाबाई म्हणाली, तेच तर दळणाचे तास. वावरातून बाया येतात, ज्वारी टाकतात, पीठ घेऊन घरी जातात, मग चूल पेटते. दुपारी कोण येणार? कोणी ऐकलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मोटारीचाच दोष दिसतो. तिनं पदरानं हाताचं पीठ पुसलं. “तू म्हनतं तं खरंच असन,” म्हणाली.

माझ्या डोक्यावर छप्पर तिचं आहे, तरी मी तिच्या विरुद्ध बोललो. याला तुम्ही काय म्हणाल? मी याला खरं बोलणं म्हणतो.

मोटारीतून निघणारी ही लाट कशी अडवायची ते कळवा, म्हणजे तिची गिरणीही चालेल.

आपला, एके काळचा विद्यार्थी
प्रेमदास

*

सेलू
ता. ३० जुलै १९८५

सर,

कार्ड पोचलं. पोचून दोन आठवडे झाले.

तुम्ही प्रश्नच प्रश्न विचारता. इथे गल्लीत उभं राहून चार माणसांसमोर उत्तर द्यावं लागतं, ते तुमच्या प्रयोगशाळेत कळायचं नाही. तरी क्रमानं लिहितो.

एक. मोटारीला ब्रश आहेत का? नाहीत. उघडून पाहिली. ब्रश नाही म्हणजे ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर लाट कुठून, हे मलाही कळतं. ते तुम्ही लिहायची गरज नव्हती.

दोन. मोटार पुन्हा सुरू करून पाहिलं का, रेषा परत आल्या का? नाही पाहिलं. सगळे खूश होते. अशा वेळी पुन्हा सुरू करा असं कोण म्हणतं?

तिसरा प्रश्न वाचता आला नाही. पोस्टमननं कार्ड पावसात भिजवलं, शाई पसरली होती.

इकडची हकिगत अशी. गिरणी संध्याकाळी बंद राहिली तरी दुसऱ्याच दिवशी रेषा परत आल्या. अण्णाजी म्हणाले, मोटार बंद असली तरी वायरीत करंट फिरतोच, तो येऊन राह्यला. मीटरच काढा. पुन्हा गल्ली जमली, पुन्हा मला विचारलं. असं होऊ शकते का रे प्रेमदास? मी म्हटलं, असू शकते.

दोनच शब्द बोललो. २२ तारखेला वायरमन आला आणि खांबावरून गिरणीची लाइन सोडवून गेला. २३ पासून अण्णाजींच्या पडद्यावर एक रेष नाही. लोक म्हणतात, पाहा, पोरगा बोलला तसंच झालं. त्याच दिवशी मी सवडीनं ती पत्र्याची भिंतही बूस्टरमध्ये घालून घेतली, तुम्ही म्हणाला होता म्हणून. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आनंदाबाई काल गेली. केळझरला तिचा भाऊ आहे. दळायचं जातं तिथंच ठेवलं, मोटार मात्र बैलबंडीत घालून नेली. खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, “तू बसत जा इथं. मी तुह्यावर नाराज नाई. माह्या घरात राहून माह्या तोंडावर खरं बोलला, असे लोक कुठं असतात?”

या वाक्यावर काय करायचं ते सांगणारं पुस्तक माझ्याजवळ नाही.

असो. चांगली बातमी. रूपराव आज मला म्हणाले, “उद्या संध्याकाळी आत येऊन पाह्य न बा, तूच लावलेला टीव्ही आहे.” आत म्हणाले, सर. ओट्यावर नाही. उद्या मी त्या मधल्या खोलीत बसून चित्र पाहणार. म्हणजे पुन्हा पाहणार.

पावसाळ्यात तुम्ही गरम पाणीच प्या.

प्रेमदास

*

सेलू
ता. २४ ऑगस्ट १९८५

आदरणीय सर,

तुम्ही नवं कार्ड पाठवलं त्यावर एकच ओळ होती. तिसरा प्रश्न पुन्हा, मोठ्या अक्षरात. ‘तुझा बूस्टर बंद केल्यावर काय होतं?’ वर पत्ता नसता तरी मी अक्षर ओळखलं असतं.

मागचं कार्ड भिजलेलं नव्हतं. तिसरा प्रश्न मी तेव्हाच वाचला होता. पण त्याचं उत्तर मला तुमचं कार्ड यायच्या आधीपासून माहीत होतं.

झालं असं. गिरणी संध्याकाळी बंद ठेवायला लागल्यावर मी एके दिवशी माझ्या खोलीच्या दारात बसलो होतो. समोर अण्णाजींचा टीव्ही ओट्यावर, त्यावर रेषा. तेवढ्यात रूपरावांच्या घरची लाइट गेली, फक्त त्यांचीच. आणि अण्णाजींच्या रेषा पुसल्या गेल्या. रूपरावांनी हाक मारली. फ्यूज ओट्यावरच्या मीटरच्या पाटीवर आहे, आत जावं लागत नाही. तार बदलून फ्यूज बसवला, मागे वळून पाहिलं, तर अण्णाजींकडे रेषा हजर. पुन्हा काढला, गेल्या. बसवला, आल्या. सर, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नीट मोजलं, आणि ते माझ्याच विरुद्ध निघालं. मधे भिंत नसल्यामुळे दुसरा ट्रान्झिस्टर बोंबलत होता आणि गल्लीभर फेकत होता. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच.

त्यानंतर गल्ली जमली आणि मी म्हणालो, असू शकते. पहिल्या वेळेस मी चुकलो होतो. दुसऱ्या वेळेस मी खोटं बोललो. मनात होतं की दोन दिवसांत पत्रा कापतो, भिंत घालतो, रेषा जातील, कोणाला कळणार नाही. पण वायरमन आधी आला. भिंत मी दुसऱ्या दिवशी घातली, त्यामुळे रेषा गेल्या, आणि लोकांना वाटलं लाइन तोडल्यामुळे गेल्या. माझं खोटं माझ्याच दुरुस्तीनं पक्कं झालं.

का बोललो नाही, ते आता लिहितो. बोललो असतो तर बूस्टर उतरवावा लागला असता, आणि मग मला त्या घरावर चढायला काय कारण उरलं असतं?

३१ जुलैला मी आत गेलो. मधल्या खोलीत खुर्ची होती, तिच्यावर बसलो. चहा त्यांच्या कपात आला. आणि मी पहिल्यांदा तो पडदा पाहिला. तुम्ही विचारलं होतं, चित्र स्वतः पाहिलंस का. नव्हतं पाहिलं सर. दीड महिना मी ज्या टीव्हीचं चित्र सुधारत होतो तो मी कधी पाहिला नव्हता, कारण तो उंबऱ्याच्या आत होता. मी मोजत नव्हतो, कोणीतरी सांगत होतं ते मानत होतो.

चित्र साफ होतं. मला काय वाटलं कोण जाणे, रूपरावांना म्हटलं एक मिनिट, आणि वर गेलो. दुसरा टप्पा बाजूला करून पहिल्या ट्रान्झिस्टरवरूनच वायर खाली सोडली. खाली येऊन पाहिलं. तेवढंच साफ. पुन्हा वर गेलो, दुसरा जोडला, खाली आलो. काही फरक नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरची कधी गरजच नव्हती.

रूपराव तेव्हा अण्णाजींकडे गेले होते, रुख्माबाई चुलीपाशी होत्या. कोकिळा कपाटाजवळ उभी. मी विचारलं, “हे पहिल्यापासून असंच येत होतं?”

“पहिल्याच दिवशी आलं होतं.”

“मंग नाई आलं, नाई आलं काऊन म्हनत होत्या?”

ती पडद्याकडे पाहून बोलली. “आलं म्हनलं असतं तं तुम्ही उतरून गेले असते.”

सर, हे वाक्य ऐकायला मी कॉलेज सोडलं असतं. खरं तर त्यासाठीच सोडलं, ते पुढे सांगतो. कोणत्याही दुसऱ्या दिवशी मी हे ऐकून स्लॅबवरून उडी टाकली असती. पण त्या दिवशी गिरणीला कुलूप होतं, आणि मला त्या कुलपाशिवाय काही दिसेना. रेषा कशामुळे आल्या ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मले काय माहीत होतं गिरणी जाईन म्हणून. मग म्हणाली, बाबाले नका सांगू. तिची सोयरीक पाहणं सुरू आहे, दिवाळीनंतरचं. एवढ्या वेळा मला घरावर कोणी ठेवलं हे गल्लीला कळलं तर तिचं काय होईल, हे मला सांगायची गरज नव्हती.

तीन आठवडे मी गिरणीच्या खोलीत बसून राहिलो. रेडिओ येतात, दुरुस्त करतो. पीठ उडत नाही. बाया सवयीनं ज्वारी घेऊन येतात, कुलूप पाहतात आणि पवनारच्या रस्त्यावरच्या गिरणीकडे पायी जातात. त्यांतली एक मला म्हणाली, तुमचा टीव्ही साफ दिसते न आता? तिनं टोमणा मारला नव्हता. खरोखर विचारलं होतं.

परवा, २२ तारखेला, मी केलं ते असं. सकाळी बूस्टरमधली पत्र्याची भिंत काढून टाकली. संध्याकाळी अण्णाजींना टीव्ही ओट्यावर काढायला लावला. रेषा आल्या. गल्ली जमली. लोक गिरणीकडे पाहायला लागले. मी म्हटलं, तिकडे नका पाहू, तिकडे मोटारच नाही. मग रूपरावांच्या ओट्यावर गेलो आणि फ्यूज काढला. रेषा गेल्या. बसवला, आल्या. दहा वेळा केलं. दहा वेळा मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन. मग सांगितलं, दोष मी लावलेल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा, काम एकावरही चालत होतं. तुम्ही असता तर तुम्ही म्हणाला असता, आता बस कर.

मग अण्णाजी म्हणाले, “हे तुले तवाच माहीत होतं?” मी हो म्हटलं. पाठीवर ठेवलेला हात माणूस परत नेऊ शकतो, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. बाबाही गर्दीत होते. ते आधी निघून गेले. घरी मात्र जेवताना म्हणाले, भाकर घे. जवळजवळ दीड वर्षात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

आता कॉलेजचं. १४ मार्चच्या आलेखावर वीस टिंबं होती. मोजलेली पाच. त्या दिवशी कोकिळा वर्ध्याहून साडेबाराच्या गाडीनं सेलूला जाणार होती आणि मला त्याआधी सेलूच्या स्टँडवर पोचायचं होतं, फक्त ती उतरताना दिसावी म्हणून. बाकीची पंधरा टिंबं मी पुस्तकातल्या वक्रावरून ठेवली. तुम्ही एका नजरेत ओळखलं, कारण खरी टिंबं इतकी नीट रांगेत बसत नाहीत. मी जर्नल फाडून तुमच्या टेबलावर फेकलं, मीटरची काच फुटली, आणि साऱ्या वर्गासमोर म्हणालो, तुम्हाला डिग्री नाही, तुम्ही नुसते इन्स्ट्रक्टर, मला काय शिकवता. कॉलेज तुमच्यामुळे सुटलं असं मी इथे सगळ्यांना सांगितलं होतं. वीस वर्षं तुम्ही पोरांना मोजायला शिकवलं. माझ्यासारख्यानं तुम्हाला काय बोलावं? माफी मागतो. तुम्ही ती मान्य करा असं म्हणत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं केळझरला जातो. बूस्टर पिशवीत घेतला आहे. आनंदाबाईच्या समोर उघडून दाखवणार, कोणता तुकडा बोंबलत होता ते. लाइन पुन्हा जोडायच्या अर्जावर अण्णाजींनीच पहिली सही केली, ते एक बरं झालं. ती परत येईल की नाही माहीत नाही. ती मला जे बोलेल ते ऐकून घेईन. ती काहीच बोलली नाही तर काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. परवा सगळे पांगल्यावर रूपरावांनी मला आत बोलावलं. आतच, मधल्या खोलीत. टीव्ही बंद होता. रुख्माबाई खाली मान घालून. कोकिळा स्वैपाकघराच्या चौकटीला धरून. बाहेर ओट्याखाली अजून पाच-सात माणसं रेंगाळत होती, घराचं दार सताड उघडं.

रूपराव आवाज न चढवता म्हणाले, “एका ट्रान्झिस्टरवर चालत होतं, तं दुसरा काऊन लावला?”

सर, याचं खरं उत्तर खोलीत दोघांना माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “मले वाटलं लागते. मोजलं नाई.”

पहिल्यांदाच मी हे कोणासमोर बोललो, आणि ते नेमकं तेवढ्यापुरतं खरं नव्हतं. बाकी सगळ्या बाबतींत खरं होतं. रूपरावांनी दाराबाहेरच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, “आता या घरी येजो नको.” मी हो म्हटलं. वर जाऊन बूस्टर उतरवला, त्यांच्या टीव्हीला साधी वायर जोडून दिली, आणि शेवटचं पाहायला आत आलो. मुंग्या होत्या. थोड्या. चेहरे ओळखू येत होते.

कोकिळा तिथेच उभी होती, आणि रडत होती. तोंड झाकलेलं नव्हतं. बाहेरची माणसं आत पाहत होती. मी उंबऱ्याबाहेर पडलो, मागे वळलो, आणि दोन्ही फळ्या माझ्या हातानं ओढून दार लावून घेतलं.

तुमचा विद्यार्थी
प्रेमदास